बायकांना खरंच कमी पगार मिळतो का?

चहाबाज: काल डब्यावर वाद झाला. मित्र म्हणतो समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला, कुठली कंपनी उघड उघड बाईला कमी देईल, आणि बायका स्वस्तात मिळत असत्या तर सगळ्यांनी बायकाच नसत्या का घेतल्या? मला पटलं नाही पण पटकन उत्तरही सुचेना. आमच्या टीममध्ये फरक दिसत नाही, अर्थात पेस्लिप कोण दाखवतंय.

बांधावरचा: शेतात या एकदा. आमच्याकडं खुरपायला बाई तीनशे, गड्याची रोजी पाचशे. का तर म्हणे गड्याचं काम जड. आता गडी खुरपायला येतच नाही, ते बायकांचं काम, मग तुलना करणार कुणाशी? ऊसतोडीला तर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ पैसे) दोघांची पण मुकादम पैसे मोजतो नवऱ्याच्या हातात. तिनं मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या, त्याचे तिचे वेगळे किती हे कुठं लिहिलेलंच नसतं. एकटी गेली तर अर्धा कोयता.

स्पष्टवक्ता: वाईट आहे पण हा कामाचा फरक झाला ना भाऊ, वेगळं काम वेगळा दर. सेम कामाला सेम पगार असेल तर गॅप कसली?

वकीलीणबाई: "वेगळं काम" हीच तर जुनी पळवाट. मॅकिनन मॅकेन्झीची केस काढून वाचा, सुप्रीम कोर्ट, 1987. कंपनीचं म्हणणं की कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोंचं काम पुरुष स्टेनोंपेक्षा वेगळं. वेगळं काय, तर त्या मोठ्या साहेबांकडे बसायच्या, डिक्टेशन-टायपिंग करून वर भेटायला येणाऱ्यांचंही बघायच्या. म्हणजे काम जास्त आणि पगार कमी! त्या जागेवर पुरुष घेतच नव्हते, म्हणून म्हणे तुलना नको. कोर्टाने नाही ऐकलं, आणि आम्हाला परवडत नाही हेही नाही ऐकलं.

स्पष्टवक्ता: ठीके, ते तेव्हाचं. आता बायका मूल झालं की ब्रेक घेतात, त्याला कंपनी काय करणार?

वकीलीणबाई: 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन तेच तर दाखवतात, एकाच व्यवसायात असून फरक मुख्यतः पहिल्या मुलानंतर पडतो. मूल दोघांचं, पगार मात्र एकीचाच अडतो, बाबालोकांचा का नाही हो?

गल्लीक्रिकेट: बीसीसीआयने 2022 मध्ये मॅच फी सारखी केली, टेस्टला दोघांना 15 लाख. आता बायकांना वर्षात टेस्ट किती देतात ते मोजा 😅