मदत हवी आहे: स्ट्रीट फोटोतली गंमत पकडायची कशी?

मंडळी, रस्त्यावर गंमत दिसते पण फोटोत काही येत नाही. परवा टूथपेस्टच्या होर्डिंगवर हे एवढं बत्तीस दातांचं हसू आणि बरोब्बर त्याखाली एक काका सुजलेला गाल धरून बसलेले, मी फोकस करेपर्यंत उठून गेले पण!

छायाचित्रकार एलियट अर्विटचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला फोटो आठवा, टोपी घातलेलं चिमुकलं कुत्रं, शेजारी बूट आणि थोराड कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा जमिनीलगत, म्हणूनच हसू येतं.

माझ्याकडे ३५ एमएम लेन्स आहे. एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-लांबचं बरंच स्पष्ट येतं) ठेवून फोकस आधीच तीन मीटरवर लॉक करू का? की होर्डिंगसमोर ठाण मांडून वाट बघायची? आणि खरं सांगा, काकांचा फोटो मिळाला असता तर ती त्यांची टिंगल झाली असती का?