आनुवंशिक रक्तदाब आणि कॅल्शियम : गोळी कॅल्शियम अडवते, मग दूध सोडावे काय?

द्राक्षवेल (तासगाव)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४३ आहे. आजोबा अर्धांगवायूने गेले, वडिलांना चाळिशीतच रक्तदाबाची गोळी लागली, आणि गेल्या महिन्यात तीन वेळा मोजूनही माझा दाब १५०/९६ च्या आसपासच भरल्यामुळे डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली. ही ‘कॅल्शियम अडवणारी’ गोळी आहे असे औषधाच्या दुकानात कळले. आई हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेते. शिवाय दूध-दही कमी खाणाऱ्यांत रक्तदाब अधिक आढळतो, असेही वाचनात आले. मग कॅल्शियम दाब वाढवते की उतरवते? आमच्या घराण्यात जे चालत आले आहे त्याचा कॅल्शियमशी काही संबंध आहे काय? आणि ही गोळी चालू असताना दूध बंद करावे काय?

जुना मास्तर (वाई)

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. पेशीच्या बाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते. पेशीच्या आवरणातील दारे उघडली की ते आत शिरते, स्नायू आकसतो, वाहिनी अरुंद होते आणि दाब चढतो. काम झाल्यावर पंप ते पुन्हा बाहेर उपसतात. अ‍ॅम्लोडिपिन अडवते ती ही दारे. हाडांतील किंवा ताटातील कॅल्शियमला ती हात लावत नाही, त्यामुळे दूध सोडण्याचे कारण नाही.

आता आनुवंशिकतेकडे वळू. १९६३ साली क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी जास्त दाबाच्या उंदरांचीच पिढ्यानपिढ्या जोडी लावून, जन्मतःच उच्च रक्तदाबाकडे झुकलेला वाण तयार केला. या उंदरांच्या रक्तात मुक्त कॅल्शियम कमी आणि पेशींच्या आत मात्र जास्त, असे अनेक प्रयोगांत दिसले. त्याहून चमत्कारिक म्हणजे आहारात कॅल्शियम वाढवल्यावर त्यांचा दाब उतरला. याचे एक स्पष्टीकरण असे की रक्तातील कॅल्शियम घटले की पॅराथायरॉइड संप्रेरक आणि सक्रिय ड जीवनसत्त्व वाढतात, आणि त्यांच्या प्रभावाने स्नायूपेशींत कॅल्शियम अधिक शिरते. म्हणजे तुटवडा बाहेर, गर्दी आत. माणसांतही २००९ मध्ये जनुकांच्या मोठ्या पाहण्यांत रक्तदाबाशी जोडलेले एक जनुक सापडले, ते एटीपी२बी१. ते नेमके कॅल्शियम बाहेर उपसणाऱ्या पंपाचेच आहे. तरीही ‘आमच्या घराण्याचे जनुक हेच’ असे म्हणता येणार नाही, कारण सामान्य रक्तदाबात शेकडो जनुकांचा चिमूटभर चिमूटभर वाटा असतो, आणि घराण्यातून जनुकांसोबत लोणच्याची बरणीही पुढे येते.

नाचणीवाला (पाटण)

मास्तरांच्या उंदरांविषयी आदर राखून सांगतो की माणसांत कॅल्शियमच्या गोळ्यांनी वरचा दाब सरासरी एक-दोन अंकांनीच उतरतो, आणि तोही ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांच्यात अधिक. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ प्रयोगात भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांच्या आहाराने रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सुमारे ११ अंकांनी उतरला. पण त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही होते, त्यामुळे सगळे श्रेय दुधाला देता येत नाही.

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे, अशी भारतीय शिफारस आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आमच्या डोंगरात नाचणीची भाकरी रोजची होती. आता तीही पाहुणी झाली आहे. मीठ जास्त खाल्ले तर लघवीवाटे कॅल्शियमही अधिक जाते, म्हणून भाकरीसोबतच्या खर्ड्याकडेही लक्ष असू द्यावे.

औषधवाला (कराड)

दुकानात रोज दिसणाऱ्या दोनच गोष्टी सांगतो. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती आल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. दुसरे म्हणजे, रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती शरीरातील कॅल्शियम रोखून धरते. तिच्यासोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढू शकते, आणि तसे वाढलेले कॅल्शियम दाबही चढवते. आपल्या आईंना अशी गोळी चालू आहे का, ते पाहावे.

द्राक्षवेल (तासगाव)

आईच्या पाकिटावर खरोखरच हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलेले आहे. उद्या तिच्या डॉक्टरांना भेटतो. एक शंका उरली. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याची जनुक-तपासणी करावी काय?

जुना मास्तर (वाई)

सध्या नको, वर्षातून एकदा दाब मोजून घेणे पुरेसे आहे. जनुक पाहण्याची वेळ क्वचितच येते, उदाहरणार्थ लहान वयातच दाब फार चढला आणि सोबत अल्डोस्टेरोन (मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे, मीठ रोखून पोटॅशियम बाहेर टाकणारे संप्रेरक) वाढलेले आढळले तर. अधिवृक्क ग्रंथीतील कॅल्शियमच्या दारांचे जनुक बिघडल्याने दहाव्या वर्षाआधीच रक्तदाब झालेली मुले आढळली आहेत, पण अशी घराणी अगदी थोडी. आपल्या स्वतःच्या रक्तातील पोटॅशियम मात्र एकदा तपासून घ्या. ते कमी निघाले, तर अल्डोस्टेरोनची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.