मदत हवी आहे : तेलप्राप्तीच्या ‘तिसऱ्या टप्प्या’साठी योग्य मराठी संज्ञा

नमस्कार. पुण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी जुन्या तेलक्षेत्रांवर मराठीत टिपण लिहीत आहे. साठ्याच्या स्वतःच्या दाबाने तेल वर येते तो पहिला टप्पा आणि दाब ओसरल्यावर, मुंबई हायप्रमाणे, पाणी आत सोडून ते विहिरींकडे ढकलतात तो दुसरा, इथवर अडचण नाही. पेच तिसऱ्याचा आहे. मेहसाण्याजवळच्या बलोल क्षेत्रातील तेल इतके घट्ट आहे की साठ्यात हवा सोडून त्याचाच काही भाग जाळतात, जेणेकरून उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन वाहू लागते. अशा ठिकाणी दुसऱ्या टप्प्याची वाट पाहावी लागतेच असे नाही, म्हणून ‘तृतीयक’ हा क्रमवाचक शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. ‘वर्धित तेलप्राप्ती’ चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.