मदत हवी आहे: मक्यात नायसिन असूनही पेलाग्रा का होतो?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. होमसायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी मानवी पोषणाचा पेपर. वर्गात हिंदी, पुस्तक इंग्रजी, पण समजतं ते मराठीतूनच, म्हणून इथे विचारतेय.

कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे पक्कं आहे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, तेही झालं. वरण-भाताचं तर फारच आवडलं: तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी (दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक), ताटात एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

गाडी अडली ती ब३ जीवनसत्त्वावर, म्हणजे नायसिनवर. तक्त्यात मक्यापुढे नायसिन दिलंय, आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की मक्यावरच पोट भरणाऱ्यांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, व्हायचा. ‘६० मिग्रॅ ट्रिप्टोफॅन म्हणजे १ मिग्रॅ नायसिन’ हे पाठ आहे (ट्रिप्टोफॅन हेही अमिनो आम्लच), पण त्याचा इथे संबंध काय?

काल आजीनं भुट्ट्याचा कीस केला होता. कोवळी कणसं किसायची, तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी, कीस खमंग परतायचा, मग थोडं थोडं दूध घालत आटवत राहायचं. खाता खाता हेच डोक्यात घोळत होतं. आम्ही पावसाळाभर खातो, कुणाला काही झालेलं नाही. ५ मार्कांना हा प्रश्न हमखास येतो, कुणी नीट उलगडून सांगेल का?

उत्तर:
बडोद्यात बरीच वर्षं हा विषय शिकवला, म्हणून लिहिते. मक्यातलं बरंचसं नायसिन कर्बोदकांशी जखडलेलं असतं, आपल्या पाचक रसांना ते सुटत नाही. तक्त्यात दिसतं, अंगी लागत नाही. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवतं, पण मक्याचं मुख्य प्रथिन झाइन, त्यात ट्रिप्टोफॅन नावालाच. दोन्ही वाटा बंद! मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यानं जखडलेलं नायसिन मोकळं होतं. मका युरोपात गेला, ही रीत मागेच राहिली.

अमेरिकन डॉक्टर गोल्डबर्गर यांचं नाव उत्तरात घाल. १९१४ पासून त्यांनी अमेरिकेत दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. अनाथाश्रमातल्या मुलांना दूध, अंडी, मांस दिल्यावर पेलाग्रा हटला. आहारात कमी पडणारं ते नायसिनच, हे १९३७ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ एल्व्हेयेम यांच्या कामातून कळलं. पेलाग्राची लक्षणं: त्वचेचा दाह, जुलाब, बुद्धिभ्रंश.

तुमच्या घरी गहू, डाळी, दूध सगळंच असतं, त्यामुळे काळजी नको. आणि आजीच्या दुधाचा हिशोब तूच कर: २५० मिली दुधात ट्रिप्टोफॅन साधारण १०० मिग्रॅ.

धागाकर्ती:
बाई, १०० भागिले ६०, म्हणजे सुमारे १.७ मिग्रॅ नायसिन! मनापासून आभार. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दुधाशिवाय कीस घशाखाली उतरत नाही म्हणून घालते.