कापडी लंगोटांची सुरुवात: तुमचे अनुभव सांगा

आठवा_महिना
नमस्कार मंडळी. मला आठवा लागलाय आणि बाळंतविड्याच्या यादीत 'लंगोट' या एका शब्दापाशी गाडी अडलीय. आई म्हणते, जुन्या सुती साडीचे नाडीवाले त्रिकोणी लंगोट तीन डझन शिवू, बाकी काही लागत नाही. जाऊबाई म्हणतात, पॉकेट डायपर घे. दुकानात गेले तर पॉकेट, ऑल-इन-वन, कव्हर, इन्सर्ट, बूस्टर एवढं ऐकलं की काहीच न घेता परत आले. किती घ्यायचे, धुवायचे कसे, रात्रीचं काय? तुमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. फजितीही चालेल.

दोन_पिल्लं_पुणे
शब्द खूप आहेत गं, पण वस्तू दोनच. ओल शोषणारं कापड आणि ओल अडवणारं कापड. नाडीच्या लंगोटात फक्त पहिलं असतं, म्हणून शू झाली की दुपटंही बदलायचं. पॉकेटला बाहेरून पीयूएल म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं कापड असतं, आत खिसा आणि खिशात इन्सर्ट म्हणजे ओल शोषणारी जाड पट्टी. कमी पडली तर जोडीला घालायची जादा पट्टी म्हणजे बूस्टर. ऑल-इन-वनमध्ये हे सगळं एकत्र शिवलेलं, त्यामुळे ते वाळता वाळत नाही. कव्हर म्हणजे नुसतं बाहेरचं. आतली घडी बदलली की तेच पुन्हा बांधायचं, फक्त शी लागली तर धुवायला टाकायचं.

आता फजिती. थोरल्याच्या वेळी बांबूचे नवेकोरे इन्सर्ट एकदाच विसळून लावले आणि सासूबाईंच्या मांडीवर पाट वाहिला. "एवढे पैसे घालून गळकं भांडं आणलंस का?" कापूस, हेम्प (भांगेच्या झाडाचा धागा), बांबू हे पाच-सहा वेळा धुऊन वाळवल्याशिवाय नीट शोषत नाहीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मायक्रोफायबर पहिल्या दिवसापासून शोषतं, पण दाबलं की शोषलेलं परत सोडतं. बाळ कडेवर घेतलं की आपली कंबर ओली! शिवाय ते थेट अंगाला लावायचं नाही, त्वचा कोरडी पडते. खिशातच ठेवायचं.

पहिला सव्वा महिना मी दोघांनाही नाडीचेच बांधले. नवजात बाळाच्या बारीक मांड्यांना 'वन साइज' बसत नाही, बटणं कितीही आवळली तरी फट राहते.

रत्नागिरीकरीण
माझी लेक जुलैची. एवढं म्हटलं की कोकणातल्यांना पुढचं कळेल. चार चार दिवस ऊन नाही, पडवीत दोऱ्याच दोऱ्या आणि सगळ्याला कुबट वास. शेवटी आजेसासूबाईंनी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घातली, तिच्यावर लंगोट पसरले आणि निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकला. तासाभरात खडखडीत. पॉकेटचं बाहेरचं कापड मात्र तिथे ठेवू नका, मी एकाचा थर वितळवून बसले. ते पंख्याखालीही वाळतं, अडतं ते जाड इन्सर्टपाशी. म्हणून पावसाळ्यातलं बाळ असेल तर जाड शिवलेल्यापेक्षा उलगडणारी मलमलीची घडी बरी.

अजून एक. आमच्याकडे मालिश खोबरेल तेलाचं. तेलकट अंगाला लंगोट बांधला की कापडावर तेल चढतं आणि पाणी वरूनच ओघळून जातं. दोन महिने मी कापडालाच दोष देत होते.

लंगोटखात्याचा_मंत्री
बाबा लिहितोय. घरात धुण्याचं खातं माझ्याकडे होतं. पहिल्या महिन्यात 'बाळाचे कपडे' म्हणून चमचाभर साबण आणि वर कपडे मऊ करायचं द्रव. तिसऱ्या महिन्यात लंगोट ओला झाला की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका. ते द्रव कापडावर थर चढवतं आणि कमी साबणात लघवी निघत नाही, त्यात आमचं बोअरचं जड पाणी. मग सवय लावली. आधी साध्या पाण्यात खळबळून ते पाणी फेकायचं, नंतर गरम पाण्यात पुरेसा साबण, शेवटी भरपूर पाण्यात विसळणं. बादलीत रात्रभर भिजत ठेवणं बंद, वापरलेले पाण्याशिवाय, तसेच जाळीच्या टोपलीत साठवायचे. अंगावरच्या दुधाची पिवळी शी पाण्यात सहज सुटते. वरचं अन्न सुरू झालं की आधी संडासात झटकायची. डाग राहिले तर ओलेच उन्हात टाका. आमच्या गच्चीवर दुपारपर्यंत पांढरेफेक.

नातवंडांची_आजी
मांड्यांमध्ये जाड कापड आलं तर पाय फाकतील, असं मीही सुनेला बजावलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी मलाच समजावलं की बेडकासारखे दुमडलेले पाय खुब्यासाठी चांगले, पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळणं वाईट. तेव्हापासून दुपट्यात बांधतानाही पाय मोकळे सोडते. तिन्हीसांजेला लंगोट दोरीवर राहू देत नाही, तेवढं मात्र माझं अजून चालतं.

लंडनची_मावशी
इथे काही बरो, म्हणजे स्थानिक पालिका, कापडी नॅपींसाठी (लंगोटांना इथे नॅपी म्हणतात) व्हाउचर देतात आणि नॅपी लायब्ररीतून चार प्रकार भाड्याने आणता येतात. मी तेच केलं आणि शेवटी टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या कापडाच्या, चौकोनावर थांबले. आपल्या पंचासारखाच की! साठ अंशांवर धुते.

पाळणाघर_आणि_मी
मी अर्ध्यात सोडलं, तेही लिहिते. पाळणाघराने कापडी घ्यायला नकार दिला, रात्री दोन बूस्टर घालूनही चारला पलंग ओला. मग घरी दिवसा कापडी, बाहेर आणि रात्री विकतचे, वापरून फेकायचे. विकतचे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून देते, कचरा वेचणाऱ्या ताईंना हाताने उघडावं लागू नये म्हणून. वर्षभर असंच चाललं आणि अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही. पुरळ उठलं, मलमाने जाईना, तेव्हा बुरशी निघाली. औषधासोबत सुती लंगोट उकळून काढावे लागले.

आठवा_महिना
मुलगी झाली! आज सहावा दिवस. नाडीचे छत्तीस, दोन कव्हरं, पॉकेट एकही नाही. काल दिवसरात्रीत आठ ओले मोजले. दूध पुरतंय का म्हणून रडत होते, डॉक्टर म्हणाल्या सहाच्या वर म्हणजे उत्तम. नवरा नाडीची निरगाठ मारतो आणि रात्री दोनला मला कात्री शोधावी लागते. सुरगाठ शिकवायचा कुणाकडे काही उपाय?