‘यहुदीविरोध’ की ‘यहुदीद्वेष’?

टाकबोरू
नाझींनी केलेल्या यहुदी संहाराविषयी व्हॅटिकनने १९९८ मध्ये जे निवेदन काढले, त्यावरील एका लेखाचे मराठी भाषांतर मी वसईतील आमच्या वाचकमंडळासाठी करत आहे. ख्रिस्ती समाजात शतकानुशतके मुरलेला यहुदी धर्माविषयीचा आकस आणि एकोणिसाव्या शतकातील वंशकल्पनांतून उपजलेला द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते निवेदन सांगते. पहिलीचा दोष ख्रिस्ती लोकांकडेही जातो, असे त्यात मान्य केले आहे. दुसरीची नाझी मुळे मात्र ख्रिस्ती धर्माबाहेरची ठरवली आहेत. इंग्रजीत ‘अँटी-ज्युडाइझम’ आणि ‘अँटीसेमिटिझम’ असे दोन शब्द हाताशी असतात, तर आपली वर्तमानपत्रे दोहोंसाठी ‘ज्यूद्वेष’ लिहून मोकळी होतात. मी पहिल्यासाठी ‘यहुदीविरोध’ आणि दुसऱ्यासाठी ‘यहुदीद्वेष’ असे योजले होते. परंतु मंडळातील एका वयोवृद्ध फादरांनी ‘विरोध’ हा शब्द फार सभ्य आहे, असा आक्षेप घेतला. आपल्याला काय वाटते?

खडूफळा
‘अँटीसेमिटिझम’चे ‘सेमाइटविरोध’ असे शब्दशः भाषांतर करू नये, एवढे आधी सांगतो. तो मूळ शब्द रूढ करणाऱ्या विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने १८७९ मध्ये बर्लिनला याच नावाची संघटना काढली. धर्मावरून केलेला जुना द्वेष मागासलेला दिसू लागल्यामुळे त्याला वंशशास्त्राचा कोट चढवण्याची ती युक्ती होती. हिब्रूप्रमाणे अरबी आणि इथिओपियातील अम्हारिक याही सेमिटिक भाषा आहेत. विल्हेल्म मार याला त्या भाषा बोलणाऱ्यांशी कर्तव्य नव्हते. शिवाय ‘ज्यू’ हा शब्द इंग्रजीतून उसना घेतलेला आहे. आपल्याकडे ‘यहुदी’ असताना तो कशाला हवा?

सायंघंटा
‘यहुदी’ तरी कुठे देशावरच्या मातीत उगवला आहे? तोही अरबी-फारसीच्या वाटेने आला. शुद्धीचा हट्ट येथे निरुपयोगी आहे. मूळ प्रश्नाविषयी म्हणाल, तर मी फादरांच्या बाजूची आहे. दोन शब्दांची ही वाटणी चर्चला सोयीची असल्याची टीका निवेदन आले तेव्हापासूनच होत आहे. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५४३ मध्ये यहुद्यांची प्रार्थनामंदिरे आणि घरे जाळण्याचा सल्ला छापून दिला होता. त्याचे ते लिखाण अमेरिकेतील मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये जाहीरपणे नाकारले. घरे जाळा म्हणणे हा धर्ममताला केलेला ‘विरोध’ कसा? फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांनी यासाठी ‘अवहेलनेची शिकवण’ असा शब्दप्रयोग केला होता. त्यांची पत्नी आणि मुलगी ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. त्यानंतर १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना जाऊन भेटले, आणि त्या भेटीचा धागा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील घोषणेपर्यंत पोहोचतो. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे ती घोषणा सांगते. मला ‘अवहेलना’ हाच नेमका शब्द वाटतो.

लॅटिनवेडा
‘अवहेलना’ हे परिणामाचे नाव झाले, मताचे नव्हे. मूळ शब्दाकडे पाहू. गुड फ्रायडेच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना ‘पर्फिडिस’ हे विशेषण होते. त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ ‘विश्वास न ठेवणारे’ एवढाच आहे, असे पंडित सांगत राहिले; लोकभाषांतल्या प्रार्थनापुस्तकांत मात्र तो ‘विश्वासघातकी’ असा उतरला आणि तोच ऐकणाऱ्यांच्या मनात बसला. १९४८ मध्ये रोमने ‘अविश्वासी’ अशा अर्थाची भाषांतरे चालतील असे कळवले, आणि १९५९ मध्ये पोप जॉन यांनी तो शब्दच काढून टाकला. कोशातला अर्थ निर्दोष असूनही वापरातला अर्थ विषारी असू शकतो, त्यामुळे ‘विरोध’ शब्दाचा कोशार्थ दाखवून वाद मिटणार नाही.

नवगाव
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबातला आहे. कोकणात शेजारी आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या धार्मिक दिवशी, तेलाचा घाणा बंद असे. त्यात हेटाळणी नव्हती, फार तर ओळख होती. त्यामुळे ‘ज्यूद्वेष’ हा शब्द माझ्या आजीला वर्तमानपत्रातूनच कळला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, त्याचा आमच्या लोकांना खरोखर उपयोग झाला, पण ती मेहनत आम्ही ख्रिस्ती व्हावे म्हणून होती. याला विरोध म्हणावे, द्वेष म्हणावे की प्रेम? तुमच्या दोन शब्दांत हे कुठेच बसत नाही. आणखी एक. योहानाच्या मराठी शुभवर्तमानात शिष्य ‘यहूद्यांच्या भीतीमुळे’ दारे बंद करून बसतात. ते शिष्य स्वतः कोण होते?

खडूफळा
तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘यहूदियाचे रहिवासी’ असाही होतो, म्हणून काही नव्या भाषांतरांत ‘यहूदी पुढारी’ असे घेतात. अर्थ सुधारतो, मात्र मूळ वाक्यात ‘पुढारी’ नाही, आणि भाषांतरकाराने लेखकाची लाज झाकावी का, हा प्रश्न उरतोच.

पडवी
नवगाव यांनी विल्सनचे नाव घेतले, तसले प्रेम आजही आहे. यहुद्यांचे स्वतंत्र राष्ट्र व्हावे या चळवळीचे, म्हणजे झायोनिझमचे, नेते थिओडोर हर्झल यांना १८९६ मध्ये जर्मनीतील बाडेनच्या ग्रँड ड्यूकपर्यंत नेणारे विल्यम हेक्लर अँग्लिकन पाद्री होते, आणि यहुदी आपल्या भूमीत परतल्याने बायबलमधील भविष्यवाणी पूर्ण होत आहे अशी त्यांची श्रद्धा होती. अमेरिकेत जॉन हेगी यांनी २००६ मध्ये स्थापलेली इस्राएल-समर्थक संघटना त्याच परंपरेतली आहे. त्याच वर्षी जेरुसलेममधील लॅटिन पॅट्रिआर्क (रोमन कॅथलिक धर्मप्रमुख) मिशेल सब्बाह यांच्यासह चार चर्चप्रमुखांनी ही शिकवण खोटी असल्याचे जाहीर केले. इंग्रजीत ‘ख्रिश्चन झायोनिझम’ म्हणतात त्या या शिकवणीला मराठीत काय म्हणावे? ‘झायोनिझम’ हा इंग्रजी उच्चार आहे. आपल्या बायबलात जेरुसलेमसाठी ‘सीयोन’ आहे, म्हणून ‘ख्रिस्ती सीयोनवाद’ असे लिहावे.

सायंघंटा
‘सीयोन’ म्हटले की आमच्या कानात स्तोत्रे वाजू लागतात, राजकारण नाही. पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाची जमीन गेली त्या घडामोडीला स्तोत्रातले नाव देणे मला पटत नाही. ‘झायोनवाद’ कर्कश आहे, तो तसाच राहू द्या.

पडवी
हर्झल यांच्या चळवळीने ते नाव स्तोत्रांतूनच घेतले आहे, त्याला काय करणार?

टाकबोरू
सीयोनसाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. मला सोमवारी मजकूर द्यायचा आहे. सध्या पहिल्या ठिकाणी ‘यहुदी धर्माविषयीचा आकस’ असे लांबलचक लिहिले आहे, आणि फादरांना ‘आकस’ही सभ्यच वाटतो.