डिस्नेचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? (ओरलँडो, आम्ही ६ जण)

चिंगीचा_बाबा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सासू-सासरे पुण्याहून येतायत (आम्ही न्यू जर्सीत), तेव्हा ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड करायचं ठरतंय. आम्ही दोघं, ते दोघं, मुलगी ५ वर्षांची आणि धाकटा अडीच. सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे दुपारी रूमवर येऊन पडता आलं पाहिजे म्हणून हॉटेल पण डिस्नेचंच घ्यायचं असं बायकोचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे पण विमान सोडून बाकी सगळा हिशोब केला तर ६००० डॉलरच्या आसपास जातंय आणि मी आकडा बघून गप्पच बसलो.

आता बुकिंग करायला बसलं की साइटवर सारखं ते चेस बँकेचं डिस्ने व्हिसा डोळ्यासमोर येतं. एक फुकटवालं आहे, एक प्रीमियर, वर्षाला ४९ डॉलर, आणि एक नवीन इन्स्पायर म्हणून निघालंय ते १४९ चं. जॉइनिंग बोनस बघून हात शिवशिवतायत. शिवाय दुकानात १०% सूट, खाण्यावर १०% सूट, कॅरेक्टरबरोबर वेगळे फोटो, असं बरंच काय काय लिहिलंय. सध्या माझ्याकडे २% कॅशबॅकवालं एक साधं कार्ड आहे, फी नाही. कोणी वापरलंय का हे डिस्नेवालं? खरंच फायदा होतो का नुसतं मिकीचं चित्र? मुलीने कार्डावर कुठलं चित्र पाहिजे ते आधीच ठरवून ठेवलंय हे वेगळं सांगायला नको.

हिशोबी_मावशी

बाबा, आधी बोनस आणि रोजची कमाई हे दोन वेगळे काढा, बरेच जण तिथेच फसतात.

बोनस साधारण स्टेटमेंट क्रेडिट म्हणून येतो, म्हणजे ठराविक महिन्यांत ठराविक खर्च केलात की तेवढी रक्कम बिलातून वजा. ते खरे पैसे. ऑफर सारखी बदलते, त्यामुळे ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशीचा आकडा बघा आणि डिस्नेच्या पानावर एक, चेसच्या पानावर दुसरी असं पण होतं, दोन्ही उघडून बघा.

पण त्यानंतर कार्डावर जे जमतं ते डिस्ने रिवॉर्ड डॉलर. फुकटवाल्या कार्डावर सगळ्याच खर्चावर १%. प्रीमियरवर पेट्रोल, ग्रोसरी, रेस्टॉरंट आणि डिस्नेत २%, बाकी १% (डिस्ने प्लस, हुलू वगैरे थेट घेतलं असेल तर ५%). आता तुमच्याकडचं साधं कार्ड सगळीकडे २% रोख देतंय. मग ग्रोसरीला प्रीमियर काढून काय मिळवलंत? तेच २%, फक्त ते आता फक्त मिकीच्याच दुकानात चालणार, आणि वर ४९ फी. कॉस्कोचं बिल, गाडीचा इन्शुरन्स, मुलीचं डेकेअर असल्या गोष्टींवर तर १% म्हणजे निम्मंच. प्रीमियरवर ते डॉलर विमानाच्या तिकिटासाठी पण वळवता येतात, ५० जमल्यावर. पण मुळात कमीच जमतात हो.

फुकटवालं आणि प्रीमियर यांच्यातच तुलना केली तर ४९ ची फी नुसती भरून निघायला त्या २% वाल्या खात्यांत वर्षाला ४९०० चा खर्च व्हायला पाहिजे. तुमच्या ट्रिपच्या वर्षी तो आरामात होईल. पुढच्या वर्षी कोण जातंय डिस्नेला?

म्हणून माझं मत, घ्यायचंच असेल तर बोनससाठी घ्या, ट्रिपचा खर्च त्यावर टाका, आणि घरी आल्यावर ग्रोसरी परत जुन्या कार्डावर. पुढची फी लागायच्या आधी फोन करून फुकटवाल्यावर बदलून मिळतंय का विचारा.

आणि ती ० टक्के व्याजाची स्कीम, ६ महिने, डिस्नेच्या ठराविक व्हेकेशन पॅकेजवर, ती फक्त त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे पैसे आत्ता बाजूला ठेवलेले आहेत. ६ महिन्यांनी जेवढं उरलं त्याला कार्डाचं नेहमीचं व्याज लागतं आणि ते किती असतं हे मी इथे लिहायची गरज नाही.

अनाहाइमची_शेजारीण

आम्ही कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडपासून अर्ध्या तासावर राहतो, माझ्याकडे फुकटवालं आहे, त्यामुळे पर्क्सबद्दल, म्हणजे कार्डाबरोबर मिळणाऱ्या सवलतींबद्दल, मी सांगते.

दुकानातली १०% सूट ५० डॉलरच्या वरच्या खरेदीवर असते आणि ती एका बिलात. म्हणजे सकाळी कानांचा हेअरबँड, दुपारी टीशर्ट, संध्याकाळी बाहुली असं तुकड्यातुकड्यात घेतलंत तर काही मिळत नाही. मुलांना सांगून ठेवायचं की बघून ठेवा, घ्यायचं सगळं एकदम शेवटी. (पाच वर्षांच्या मुलीला हे पटेल असं मी म्हणत नाहीये.) तिकिटांवर ही सूट नाही, लायटनिंग लेनवर (पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) पण नाही. हॉटेलसाठी कार्डवाल्यांना अधूनमधून वेगळ्या ऑफर येतात पण तुमच्या तारखांना असतील याचा भरवसा नाही, डिसेंबर तर गर्दीचा.

खाण्यावरची सूट ठराविक ठिकाणीच, आणि त्यातली बरीचशी बसून जेवायची रेस्टॉरंट्स. सासू-सासरे शाकाहारी असतील तर तिथे किती वेळा बसणार ते तुम्हीच बघा. आमच्याकडे आईबाबा आले होते तेव्हा दशम्या, लसणाची चटणी आणि ठेपले घेऊनच गेलो. पार्कात घरचं खाणं चालतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नाही. हा पर्क कुठल्याही कार्डाशिवाय मिळतो आणि सगळ्यात जास्त पैसे यानेच वाचतात.

फोटोचं मात्र मस्त आहे. कार्डवाल्यांसाठी वेगळी जागा असते, तुमच्याकडे डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कमधे आहे, रांग बाहेरच्यापेक्षा कमी असते आणि फोटोचे पैसे लागत नाहीत. दिवसभर उघडी नसते, ॲपवर वेळ बघून जा. लहान मुलांसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे पण मग त्यासाठी फुकटवालं कार्ड पण चालतं ना!

ज्यांच्याकडे मॅजिक की म्हणजे वर्षाचा पास आहे त्यांना दुकानात आधीच सूट असते, दोन्ही एकावर एक लागत नाहीत. हे इथल्या लोकांसाठी लिहिलं, तुम्हाला लागू नाही.

उगाच_एक

१०% वाचवायला ५० डॉलरचं बिल करायचं, म्हणजे आमची ही दिवाळीच्या सेलमधे करते तेच. कंपनीला माहितीये कोण कोणाला वाचवतंय ते 😄

चिंगीचा_बाबा

मावशी, शेजारीण, खूप धन्यवाद! ठेपल्यांचं वाचून सासूबाई इतक्या खुश झाल्या की तिकडून काय काय आणायचं त्याची यादी सुरू झाली. बायको म्हणते फोटोसाठी घे, मी म्हणतो बोनससाठी घे, म्हणजे घ्यायचं यावर एकमत आहे असं धरून चाललोय. एक राहिलं, सध्या घर पण बघतोय एडिसन साइडला, बँकेचं प्री-ॲप्रूव्हल (कर्ज किती मिळेल याची आगाऊ मंजुरी) अजून घेतलं नाहीये, त्याच्याशी याचा काही संबंध येतो का?

गहाणखत

येतो म्हणजे काय, हेच आधी सांगायचं होतंत.

नवीन कार्डासाठी अर्ज केला की क्रेडिट रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी, म्हणजे बँकेने तुमचा रिपोर्ट तपासल्याची नोंद, पडते, स्कोअर थोडा खाली येतो, आणि नवीन खातं उघडल्यामुळे खात्यांचं सरासरी वय कमी होतं. एरवी हे काही महिन्यांत भरून निघतं, कोणी लक्ष पण देत नाही. पण मॉर्गेजच्या म्हणजे घराच्या कर्जाच्या मधे बँक विचारते हे नवीन खातं कसलं, लिहून द्या, आणि त्यावर ६००० चा बॅलन्स दिसला तर तो पण प्रश्न. स्कोअर एखाद्या टप्प्याच्या काठावर असेल तर व्याजदर किंचित वर जातो आणि ३० वर्षांच्या कर्जावर किंचित म्हणजे काय ते गणित मांडून बघा, त्यापुढे कुठलाही बोनस चिल्लर आहे. इथे ज्यांची क्रेडिट हिस्टरी तीन-चार वर्षांचीच असते त्या आपल्यासारख्यांना हा धक्का जास्त जाणवतो.

दुसरं, चेसचा तो ५/२४ म्हणतात तो प्रकार. गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून ५ कार्डं उघडली असतील तर चेस सहसा नाही म्हणतं. दुसऱ्याच्या कार्डावर ऑथोराइज्ड युजर म्हणून नाव असेल तरी ते मोजलं जातं, नवराबायको एकमेकांना सगळीकडे ॲड करून ठेवतात आणि मग गोंधळतात. ५ ची मर्यादा असताना त्यातली एक जागा डिस्नेला द्यायची का हा पण विचार करा, चेसचीच दुसरी कार्डं आहेत ज्यांचे पॉइंट भारताच्या विमानाला वापरता येतात.

घराचं क्लोजिंग (व्यवहार पुरा होऊन घर नावावर) होईपर्यंत थांबा. तोवर डिसेंबर येऊन गेला तर जाऊ दे.

हिशोबी_मावशी

घराचं माहीत नव्हतं. गहाणखत म्हणतायत ते बरोबर, मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवा.

त्याऐवजी गिफ्ट कार्ड. टार्गेट नावाच्या दुकानांचं सर्कल कार्ड असतं त्यावर त्यांच्या दुकानात ५% कमी होतात आणि डिस्नेच्या गिफ्ट कार्डावर पण ते लागतात. त्याचं डेबिटवालं पण मिळतं, आपल्याच बँक खात्याला जोडलेलं, क्रेडिट चेक नाही, म्हणजे घराला धक्का नाही. त्या गिफ्ट कार्डांनी डिस्नेची तिकिटं, रूम, पार्कातलं खाणं, खरेदी सगळं भरता येतं. ६००० चे ५% म्हणजे ३००. प्रीमियरवर २% ने १२० जमले असते, फी वजा करून ७१, आणि ते पण डिस्नेतच खर्चायचे. बोनस धरला तर प्रीमियर पुढे जाईल पण तो आता तुम्हाला घ्यायचाच नाहीये. हे ३०० आधीच खिशात.

थोडी कटकट आहे. कार्डं खरेदी करून घरी आणायची, मागचा नंबर खरवडायचा, डिस्ने गिफ्ट कार्डाच्या साइटवर खात्यात टाकायची. एका कार्डात १००० पर्यंत एकत्र करता येतात म्हणजे सहा-सात कार्डांत काम होतं, ढीग सांभाळावा लागत नाही. आणि रिकामी झालेली कार्डं फेकू नका! बुकिंग रद्द केलंत तर पैसे त्याच कार्डावर परत जातात.

अनाहाइमची_शेजारीण

+१. आणि फक्त डिस्नेत जेवढं नक्की जाणार तेवढ्याचीच घ्या, विमानतळावरची टॅक्सी, बाहेरचं इंडियन जेवण हे त्यात नाही येत.

अजून एक, धाकट्याचं तिकीट धरलंय का तुम्ही त्या ६००० मधे? ३ वर्षांखालच्यांना लागत नाही. वाढदिवस कधी आहे त्याचा?

चिंगीचा_बाबा

धरलं होतं की!! वाढदिवस फेब्रुवारीत. लगेच बायकोला दाखवलं, आता ती म्हणते त्या वाचलेल्या पैशात राजकन्यांबरोबरचं जेवण बुक कर.

टार्गेट डेबिट आजच करतो. मावशी, ती कार्डं एकदम सगळी घेतली तर दुकानात अडवतात का?

हिशोबी_मावशी

दुकानावर असतं, काही ठिकाणी काउंटरवर ओळखपत्र मागतात. दर आठवड्याच्या ग्रोसरीबरोबर थोडी थोडी घ्या, डिसेंबरला वेळ आहे. आणि ती पावती पण ठेवा, नंबर खरवडताना एखादा आकडा उडाला तर पावतीशिवाय कोणी दाद देत नाही.